बेचाळीस वेढे

माझे अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीपर्यंत जमले नाही ते नाहीच, त्याबद्दल आधी माफी. लग्नानंतरच्या पहिल्याच वटपौर्णिमेला मी नवऱ्याला वडाला बांधले. त्याची माफी तेव्हाच मागून झाली आहे.

लढाई चालू होती. माझे माहेर सांगलीकडचे, सासर लोणंदजवळच्या खेड्यात. लग्नानंतर आठव्या दिवशी हे पलटणीत गेले. त्या आठ दिवसांत मी मान वर केली नव्हती, त्यामुळे नवरा मला पावलांपासून गुडघ्यांपर्यंतच माहीत होता.

वटपौर्णिमेला सासूबाई मला आणि भावकीतल्या पाचजणींना घेऊन ओढ्याकाठच्या वडाकडे गेल्या.

"तू नवी सून, तू फुडं हो," त्या म्हणाल्या. "सात येढं घालायचं. मधी थांबायचं न्हाई, आन सूत तुटू द्यायचं न्हाई."

मी पदर नाकापर्यंत ओढला आणि सूत सोडत निघाले. पहिल्याच वेढ्याला बुंध्याच्या पलीकडे दोन बूट दिसले. बुटांत पाय होते. कोणी परका टेकून झोपला होता. परक्या पुरुषाशी बोलायचे कसे? थांबायचे तर नाहीच. म्हटले, दुसऱ्या वेढ्यापर्यंत उठेल. (सातव्याला तो घोरत होता.) मागच्या पाचजणींनाही पदराखालून नुसते बूट दिसले, पण पुढची काही बोलत नाही म्हणून त्यांनीही आपापले सात वेढे घातले.

पूजा संपली आणि वडामागून आवाज आला, "आये, मला कुणी बांधलंय?"

सासूबाई धावल्या. "आरं, तू कवा आलास?"

"सकाळच्या गाडीनं. घरात कुणी न्हाई, म्हणून हितं टेकलो. दुपारच्या गाडीला हजर व्हायचंय, न्हाईतर कैदेत घालत्यात."

त्यांनी सूत तोडायला बोटे घातली, तशा पाचही जणी पुढे सरल्या. "आवं भावजी, हात लावू नगा. आमच्या धन्यांचं आयुष्य हाय त्यात."

"आन माझं?"

"तुमचं सगळ्यात आत हाय. लय घट्ट."

थोरल्या चुलतजाऊबाई विचारात पडल्या. "म्हंजी सात जन्म ह्ये बी माझ्याच पदरात? मला घरचा एक आवरंना."

"ती वाटणी मागनं करू," सासूबाई म्हणाल्या. "आधी गाडीचं बघा."

सूत सदऱ्यात रुतले होते. यांना हलता येत नव्हते. तेव्हा मी नवऱ्याशी आयुष्यातले पहिले वाक्य बोलले, "सदरा हितंच ठिवा आन खालनं सरका."

"मग बटणं तूच काढ," सासूबाई म्हणाल्या. "बांधलंयस तू."

सगळ्यांदेखत बटणे काढायची तर बघावे लागतेच. मी मान वर केली. हनुवटीवर तीळ होता, आणि मिशीखाली माणूस हसत होता.

उसातून कोल्हा निसटावा तसे हे खालून सरकत निघाले आणि बनियनवरच लोणंदकडे पळाले. गाडी मिळाली. सरकारी सदरा मात्र पावसाळाभर वडाला बांधलेला राहिला. येणारे-जाणारे त्याला हात जोडत.

लढाई संपल्यावर हे सुखरूप घरी आले. तेव्हापासून दर वटपौर्णिमेला मी निघाले की ओट्यावर येऊन उभे राहतात. "मी घरात हाय, बघून घे," म्हणतात. मी नीट बघून घेते. (तरी वडामागे डोकावतेच.)

बाकीच्या बायकांना अंतरपाट खाली आला की नवरा दिसतो. मला बेचाळीस वेढे लागले.