आवाज खाली गेला पाहिजे

नीला दामले शाळेतून निवृत्त झाल्या आणि रिकामं घर त्यांना खायला उठलं. म्हणून डोंबिवलीतच, त्यांचाच जुना विद्यार्थी सुश्रुत याच्या क्लासमध्ये त्या इंग्रजी व्याकरण शिकवायला लागल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांना त्या जागेची किळस आली.

क्लास पहिल्या मजल्यावर, आणि खाली रस्त्यावर पालक थांबलेले. त्यांना ऐकू जावं म्हणून खिडक्या सताड उघड्या. नाउन म्हणजे नाम, व्हर्ब म्हणजे क्रियापद, असं मुलांनी बेंबीच्या देठापासून ओरडायचं आणि खाली पालकांनी माना डोलवायच्या. याला शिकवणं म्हणायचं असेल तर भोंग्यालाही पंडित म्हणावं, असं नीलाबाईंना वाटायचं.

आंबिवलीहून येणारी करिश्मा कुठलाही शब्द दाखवला की त्याची जात खाडकन सांगायची. पण घरी कोण कोण असतं, एवढं इंग्रजीत विचारलं की तोंडाला कुलूप. नीलाबाईंचा संताप झाला. त्यांनी खिडक्या लावून घेतल्या, घोकंपट्टी बंद केली. घरातलं एक माणूस धरा, ते काय करतं ते सांगा, मग कसं करतं ते जोडा, असं त्या बसून शिकवू लागल्या. वर्ग पेन चावत गप्प बसायचा आणि त्यांना ती शांतता फार आवडायची.

एके दिवशी करिश्मा आपणहून उभी राहिली. ‘‘माय ग्रँडमदर सेल्स...’’ म्हणून अडखळली. आजी काय विकते, त्याचा शब्द ती शोधत होती. नीलाबाई जिवाचा कान करून थांबल्या.

तेवढ्यात सुश्रुत आत आला आणि त्याने खिडक्या उघडल्या.

‘‘मॅडम, पेरेंट्स विचारतायत, वर शिकवत नाहीत का? आवाज खाली गेला पाहिजे. नाहीतर ही बॅच मी दुसऱ्या कुणाला देतो.’’

त्याचं तोंड बघून नीलाबाईंना शिसारी आली. पिशवी उचलून चालतं व्हावंसं वाटलं. पण घरातली ती लांबलचक दुपार डोळ्यांपुढे आली आणि त्या फळ्याकडे वळल्या. नाउन म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच होता, आणि त्यांना स्वतःचीच किळस आली.

करिश्मा अर्धं वाक्य टाकून खाली बसली आणि सगळ्यांबरोबर ओरडू लागली. खिडकीखालून तिच्या आईचं समाधानाने बोलणं वर आलं.

‘‘हां, आता कसं शिकवतायत.’’