पुढे पडलेला झेल

माझ्या सासरी सुनेनं सासऱ्यांशी जेवढ्यास तेवढंच बोलायचं, तेही दाराआडून. पण क्रिकेटच्या मैदानावर मी मामंजींच्या शेजारी बसून पाच-पाच तास बडबडत असे, आणि त्यावरून आमच्या गल्लीत काय काय बोललं गेलं ते विचारूच नका. मामंजी म्हणजे माझे सासरे. शाळेत गणित शिकवून रिटायर झाले आणि दोन वर्षांत काचबिंदूनं त्यांची नजर पार गेली. सासूबाईंच्या मते क्रिकेट हा रिकामटेकड्यांचा उद्योग, आणि आमच्या ह्यांना ऑफिसातून सुट्टी मिळायची नाही. मी धारला चार भावांत वाढलेली, मला गुगलीसुद्धा ओळखता यायची. शेवटी सासूबाईच वैतागून म्हणाल्या, "जा बाई घेऊन, घरात बसून माझं डोकं तरी खाणार नाहीत."

तेव्हापासून मला दिसेल ते मामंजींना दिसायचं. चेंडूचा टप्पा कुठे पडला, कोण कुठे उभा आहे, अंपायरनं टोपी कशी सारखी केली, सगळं सांगायचं. एखाद्या षटकात मी गप्प राहिले तर ते नुसतं "हं?" म्हणायचे.

आमच्या उज्जैनच्या संघात मामंजींचा एक जुना विद्यार्थी होता. गणितात दोनदा नापास झालेला, पण मामंजींचा सगळा जीव त्याच्यावर. आता तो सरकारी कचेरीत कारकून होता आणि सीमेवर क्षेत्ररक्षण असं करायचा की बघत राहावं. त्या वर्षी शेवटचा सामना इंदूरशी होता. त्यांची शेवटची जोडी मैदानात, चार धावा हव्या, आणि फलंदाजानं चेंडू उंच मारला. मामंजींनी माझं मनगट घट्ट धरलं. "कोणाकडे?"

"त्याच्याकडेच."

"मग संपलं. जिंकलो आपण."

चेंडू त्याच्या दोन्ही हातांत आला आणि सुटला. सुटून सीमेपार गेला, आणि सामनाही गेला. सगळं मैदान हळहळलं. मी मामंजींकडे पाहिलं. चेहरा नुसता उजळलेला होता, हसायच्या तयारीत. माझ्या तोंडून निघून गेलं, "पुढे पडला, मामंजी. त्याच्यापर्यंत पोचलाच नाही."

काय सांगू, तेवढ्या एका वाक्यानं मी स्वतःच्या गळ्यात धोंडा बांधून घेतला. आमच्या फ्रीगंज पेठेत जो तो म्हणायचा, "मास्टरसाब, लड्डू था लड्डू, छोड़ दिया आपके चेले ने." लड्डू म्हणजे हातात आयता आलेला झेल. आणि मामंजी काठी आपटून सांगायचे, चेंडू पुढे पडला होता, माझ्या सुनेनं डोळ्यांनी पाहिलं आहे. लोक माझ्याकडे बघायचे, आंधळ्या माणसाची कीव करून गप्प बसायचे. मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं.

आमच्या संघाच्या क्लबाची एक पद्धत होती. संक्रांतीनंतरच्या रविवारी संघ आणि गावातले शौकीन एकत्र बसायचे. तिळगूळ वाटायचा आणि मग ज्याला जे विचारायचं ते त्यानं उभं राहून विचारायचं. ज्या खेळाडूला विचाराल त्यानं उत्तर दिलंच पाहिजे, आणि खरं दिलं पाहिजे. त्या वर्षी भोपाळ नव्या राज्याची राजधानी झालेली, कचेऱ्या तिकडे हलायला लागलेल्या. अर्ध्या संघाच्या हातात बदलीचे हुकूम होते. मामंजींच्या विद्यार्थ्याचाही आला होता.

"जायच्या आधी त्याच्यावरचा हा ठपका पुसायचा," मामंजी सकाळीच म्हणाले. "सगळ्यांसमोर त्यालाच विचारतो."

टांग्यात मी तीनदा बोलायला तोंड उघडलं. एकदा देवास गेटपाशी तर "मामंजी, ते..." इथवर आलेही. ते म्हणाले, "थंडी वाजतेय का? शाल घे." मी शाल घेतली. भित्री कुठली.

हॉल गच्च भरला होता. खेळपट्टीवरचं मॅटिंग कधी बदलणार, पुढच्या वर्षी कप्तान कोण, भोपाळला गेलेले सामन्याला येणार की नाही, असे प्रश्न झाले. मग मामंजी उठले. त्याचं नाव घेऊन म्हणाले, "इंदूरच्या सामन्यातला तो चेंडू तुझ्या पुढे पडला की नाही, ते या सगळ्यांना एकदा सांग."

तो उभा राहिला. त्यानं आधी मामंजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. त्याला सगळं कळलं असणार, आणि त्यानं हो म्हटलं असतं तर मी त्याला जन्मभर दुवा दिला असता. पण समोर त्याचे गुरुजी होते.

"नाही सर. हातात आला होता. माझ्याच हातून सुटला."

कोणी हसलं नाही, एवढे उपकार. "बरं," मामंजी म्हणाले आणि खुर्ची चाचपून बसले. पुढे काय प्रश्न झाले मला आठवत नाही. मला त्यांचे गुडघ्यावर ठेवलेले हात तेवढे दिसत होते.

सभा संपली. मी म्हणाले, "चुकलं माझं. तुम्ही इतके खूश होता, मला बघवेना."

"सुटला तर सुटला," ते म्हणाले. "झेल सगळ्यांच्याच हातून सुटतात. पण मला दुसरे डोळे नाहीत गं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी पदर तोंडाला लावून रडले.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तो कुठंय?"

"दाराशी उभा आहे. त्याच्याशी कोणी बोलत नाहीये. रडतोय."

"खरं?"

माझ्या शब्दावर असा प्रश्न त्यांनी कधी केला नव्हता. सासूबाईंच्या इतक्या वर्षांच्या बोलण्यांनी जेवढं लागलं नसेल तेवढं मला ते लागलं.

"खरं, मामंजी."

"ने मला."

मी नेलं. त्यांनी चाचपडत त्याचे दोन्ही हात शोधले आणि आपल्या हातांत धरून ठेवले.

"भोपाळला सामना खेळलास की मला पत्र टाकायचं," मामंजी म्हणाले. "चांगलं-वाईट सगळं लिही. ही वाचून दाखवेल. तू जसं लिहिशील तसंच वाचेल."