फुटामागे स्वल्प जास्त

जगातली प्रत्येक गोष्ट निवली की आकसते, यावर आमच्या भावोजींची जेवढी श्रद्धा होती तेवढी एखाद्या पुजाऱ्याची देवावरही नसेल. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान. बेंगळूरच्या एका कारखान्यात ते ओतकामाचे लाकडी साचे करत. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून साचा जरा मोठा करायचा; त्यासाठी साचेवाल्यांची फूटपट्टीच निराळी, फुटामागे स्वल्प लांब. भावोजींनी हा नियम कारखान्याच्या फाटकाबाहेरही आणला होता. सदरे ढगळ, चपला बोटभर मोठ्या. मी तेव्हा कामगारांसाठी पत्रकं लिहीत असे. त्यातलं एक वाचून म्हणाले, "क्रांती अजून थोडी मोठी लिही रे. निवली की आकसेल." मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण त्याच आठवड्यात त्यांच्या हाती दोन मोटारी लागल्या होत्या.

वीतभरही नव्हत्या त्या. मायदेशी परत निघालेल्या एका गोऱ्या इंजिनियरने दिलेल्या. मोटारीच्या पोटाखाली एक खुंटी. ती रस्त्यातल्या खाचेत बसवायची, की खाचेच्या दोन्ही कडांवरच्या तांब्याच्या पट्ट्यांतून वीज घेऊन मोटार पळते. रस्ता मात्र गोऱ्याने दिला नव्हता. भावोजींनी प्लायवुडचे दोन दांडगे तक्ते आणून चामराजपेठेतल्या घराच्या बाहेरच्या खोलीत मांडले आणि कारखान्यातून आलं की पटाशी घेऊन खाचा पाडायला बसू लागले. पाहुणे दारातूनच बोलून परत जायला लागले. मी साम्राज्यशाहीच्या खेळण्यांवर एक व्याख्यान दिलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि माझ्या हातात पॉलिशपेपर दिला. मी घासत बसलो.

घराचे कर्ते म्हणजे भावोजींचे थोरले भाऊ, अण्णा. ते भडकले. लग्नाला चौदा वर्षं होऊनही भावोजी आणि अक्का दोघंच होती, आणि अण्णांनी नेमकं तेच काढलं. "मूल ना बाळ, खेळणं कुणासाठी? रविवारपर्यंत चालवून दाखव, नाहीतर तक्ते फोडून बंबात घालतो."

आतून अक्का आली, "आमच्यासाठी," म्हणाली, आणि पदर खोचून दुसरा तक्ता तिने स्वतःकडे ओढला. ती ब्लाउज शिवायची. हात भावोजींपेक्षा नेटका. भावोजींनी काढलेला नकाशा बघून तिने आपल्या टेपने मापं घेतली, खुणा केल्या, खाचा पाडल्या. शनिवारी तक्ते जोडले, तर खाचा जुळेनात. चांगलं अर्ध्या इंचाचं अंतर!

"तुझी टेप आखडलीय."

"आणि तुमची ती पट्टी कुठली?"

भावोजींनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. कारखान्यातली. साच्यांची. "सवय गं," ते पुटपुटले.

"लाकूड वितळवून ओतणार होतात होय?"

मला हसू आलं, पण भावोजींचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. नवा तक्ता आणायला दुकान उघडं नव्हतं, आणि सकाळी अण्णा बघायला बसणार होते.

"सरी, असू दे," अक्का म्हणाली. "बेतताना चुकलं म्हणून मी ब्लाउज टाकून देते का? मधे तुकडा जोडू." तिने हातभर लाकडात खाचा अशा वळवून कोरल्या, की भावोजींच्या इंचातून निघालेली मोटार अलगद तिच्या इंचात उतरावी.

रविवारी अण्णा खुर्ची टाकून बसले. भावोजींनी हातातली कळ दाबली. मोटार सुसाट सुटली, जोडापाशी आली.

"स्वल्प हळू!" अक्का ओरडली.

भावोजींनी कळ सैल केली. मोटारीने कंबर लचकवली आणि पलीकडे गेली. चाळिशीला टेकलेली ती दोघं टाळ्या पिटून हसली. अण्णा उठले. "वळणावर धूळ बसते. रोज पुसत जा," एवढं म्हणून आत गेले. अक्काने लगेच दुसरी मोटार खाचेत बसवली आणि तिची कळ हातात घेतली.

माझ्या पत्रकांत सुख नेहमी उद्या यायचं, तेही मिरवणुकीने. त्या सकाळी ते माझ्यासमोर गरगर फिरत होतं आणि मला त्यावर एक ओळ सुचेना. न राहवून मी अक्काकडे तिच्या मोटारीची कळ मागितली.

"थांब रे," ती मोटारीवरची नजर न काढता म्हणाली.

दिवेलागणीपर्यंत थांबलो. माझी पाळी काही आली नाही.