उठायला बरा सोफा

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वडिलांना आमच्या जुन्या खोलगट सोफ्यावरून उठवायला दोघं लागायची. फौजेत आयुष्य गेलेला माणूस, कुणी हात धरला की मान फिरवायचा. म्हणून मी साताऱ्यात नवा सोफा बघायला गेले. दुकानात दोन सोफे शेजारी मांडलेले, दोन्हींवर काढून धुता येणारी सारखीच बदामी कव्हरं. मी त्यातला मऊ सोफा पसंत केला.

ती कव्हरं शिवून आणणाऱ्या बाई तिथंच होत्या. साठीच्या असाव्यात. तोंडात धरलेल्या टाचण्या काढत त्यांनी विचारलं, "कुणासाठी घेताय ताई?"

मी सांगितलं. त्यांनी दोन्ही कव्हरांच्या झालरी वर उचलल्या. मऊ सोफा बुटका होता. दुसऱ्याची बैठक उंच, आणि कव्हराखाली टेकायच्या हातांना भक्कम लाकूड. मग त्या मऊ सोफ्यावर बसल्या आणि उठताना दोनदा मागं कलंडल्या. स्वतःच हसल्या. "माजंबी गुडघं गेल्यात. बसायला समदंच सोफं ग्वाड लागत्यात. उठायला कंचा बरा, त्ये बघा."

दुकानदारानं कपाळाला आठ्या घातल्या. बाईंनी तिकडं पाहिलंही नाही. उंच सोफा घेऊन घरी पाठवायच्या गडबडीत त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

आठवड्याभरानं वडिलांचे फौजेतले एक मित्र भेटायला आले. मी हात द्यायला धावले, तोवर वडील नव्या सोफ्याच्या हातांवर दोन्ही तळवे रोवून एकटेच उभे राहिले आणि "ये रं गड्या!" म्हणत दारापर्यंत गेले.

चहाच्या निमित्तानं मी आत गेले आणि त्या बाईंना मनोमन हात जोडले.