मीटर

दापोड्याच्या गोदामांमागे गॅरेज चालवणाऱ्या त्या मिस्त्रींचं नाव मी विचारलंच नाही. डीपी जळाल्याने आमच्या शेतात वीज नव्हती, भेंडी माना टाकत होती. म्हणून त्यांनी बाबांच्या मोडीत निघालेल्या गाडीचं इंजिन पंपाला जोडून दिलं. पण ते सुरू होई आणि लगेच बंद पडे.

मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा तिथेच खोचली.

"बाबा, गाडीचा डॅशबोर्डातला मीटर कुठाय?"

"बॉडीबरोबर भंगारात दिला. शेतात मीटर कशाला?"

"चावी तोच ओळखतो. त्याच्याशिवाय आतला कॉम्प्युटर इंजिन चालू देत न्हाय."

बाबांना स्कूटरवर बसवून ते भंगारवाल्याकडे गेले, मीटर शोधून आणला आणि पंपाशेजारच्या फळीवर बसवला. मग चावी बाबांच्या हातात दिली.

याच गाडीवर भाडी मारून बाबांनी मला पदवीपर्यंत शिकवलं. चावी फिरवण्याआधी त्यांनी सवयीने मान वळवून मागे पाहिलं. मला हसू आलं. मिस्त्री हसले नाहीत. क्लीनर गाडीवर मारतो तशी पाइपावर थाप मारून ते म्हणाले,

"मागं कोन न्हाय, बाबा. चलने दो!"

पाटात पाणी आलं.