कळवतो म्हणाले

कोणत्याही ऑफिसात शिरण्याआधी तो दारात बूट काढायचा. अंबडच्या कारखान्यांत अशी पद्धत नव्हती, शिपाई हसायचे. तो सुदानचा, उंच, शिडशिडीत, नाशिकच्याच कॉलेजातून इंजिनिअर झालेला. नव्वदच्या दशकात सकाळी मखमलाबाद नाक्यावर भाजी घ्यायला गेला असाल, तर तुम्हीही त्याला पाहिलं असेल. घरमालकीण मावशींशेजारी उकिडवा बसून तो मेथीच्या जुड्या बांधायचा. मराठीही मावशींचीच. "लय ऊन हाय," असं तो इतकं सहज म्हणायचा की गिऱ्हाईक दचकून वर बघायचं.

त्याच्या देशात लढाई चालू होती, म्हणून त्याला इथंच नोकरी हवी होती. आमच्या कारखान्यात मी सुपरवायझर होतो. मी शब्द टाकला. मालकांना तो आवडला, पण त्यांनी मला बाजूला घेतलं. मंदीत आपलीच माणसं कमी करतोय, त्यात परदेशी माणसाच्या व्हिसाची भानगड कोण निस्तरणार, असं त्यांचं म्हणणं. त्याला मात्र ते हसून म्हणाले, "कळवतो."

असं सगळीकडे झालं. सातपूर, सिन्नर, ओझर. भेटला की तो सांगायचा, "कळवतो म्हणाले."

शेवटी मला राहवेना. चहाच्या टपरीवर मी त्याला सांगितलं की आपल्याकडे कळवतो म्हणजे नाही.

"माहीत हाय, साहेब," तो म्हणाला. "पण मावशी रोज विचारतात. त्यांना काय सांगू?"

त्याच दिवशी त्याने मला सांगितलं, भाऊ लढाईत मारला गेला. घरी आता कोणीच नाही. हे मावशींना सांगू नका, म्हणाला.

व्हिसा वाढला नाही. नाशिकरोड स्टेशनवर त्याला पोचवायला आम्ही दोघंच होतो. मावशींनी भाकऱ्या आणि ठेचा बांधून दिला होता. खिडकीचा गज धरून त्यांनी विचारलं, "तिकडं उतरल्यावर घ्यायला कोण येईल रं?"

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"भाऊ येईल, मावशी."

गाडी देवळालीच्या दिशेने गेली. रिक्षात मावशी म्हणाल्या, भाऊ हाय म्हटल्यावर काळजी नाय. मी बाहेर बघत राहिलो.

त्याचा फोन कधीच आला नाही. मावशी वाट बघायच्या, मग स्वतःच स्वतःची समजूत घालायच्या, "भावाच्या घरी रमला असंल."

मी मेथी पिशवीत टाकायचो आणि हो म्हणायचो.