कपाटातले नऊ श्रोते

माझा कुणावर विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. बावीस वर्षं शिवणकाम करतेय. माप देताना पोट आत ओढणारी माणसं रोज बघते, आणि मग 'कपडा घट्ट शिवला' म्हणून भांडायला येणारीही तीच. असल्या धंद्यात माणूस कुणाच्या शब्दावर जात नाही, टेप लावून बघतो.

माझ्या धाकट्या भावाचं नेमकं उलट. त्याला कुणीही हरभऱ्याच्या झाडावर चढवावं, हा चढतो. लहानपणी रडायला लागला की अख्खी गल्ली खिडकीत यायची, म्हणून त्याचं नाव पडलं भोंगा. आई-बाबा एका वर्षाच्या अंतराने गेले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता आणि मी एकवीस. मी बाहेरच्या खोलीत मशीन मांडलं, तो आतल्या खोलीत गिटार घेऊन बसला. 'अरे, नळ दुरुस्त करायला तरी शीक' असं मी किती वेळा म्हणाले असेन, त्याला गणती नाही.

पण आळशी नव्हता हो, तेवढं खोटं बोलणार नाही. सकाळी शाळेत पोरांना गाणं शिकवायचा, आठवड्यातून तीन संध्याकाळी एका हॉटेलात गायचा. हॉटेलच्या मालकाची एकच अट होती, जेवणाऱ्यांना बोलताना आवाज चढवावा लागता कामा नये. चौदा वर्षं हा चमच्यांच्या खणखणाटाखाली दुसऱ्यांची गाणी म्हणत राहिला. स्वतःची गाणी वहीत.

मग त्याच्या आयुष्यात आला टोपीवाला. हा रेकॉर्डिंगवाला. टायरच्या दुकानावर एक खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, मधोमध एक माइक. डोक्यावर सदानकदा टोपी, उन्हात, सावलीत, जेवताना. मी पहिल्याच दिवशी भोंग्याला म्हटलं, "जो स्वतः चोवीस तास टोपी घालतो, तो दुसऱ्यालाही घालणार."

"ताई, तू गिऱ्हाइकांचा राग त्याच्यावर काढू नकोस."

"अर्धा वाटा कशाला मागतो मग? गाणी तुझी, गळा तुझा."

"कान त्याचे आहेत," भोंगा म्हणाला.

दोन वर्षांत त्या गाद्यांच्या खोलीत अकरा गाणी झाली. टोपीवाल्याने ती कुठल्याशा कंपनीमार्फत इंटरनेटवर चढवली. भोंग्याने मला समजावलं की हल्ली कॅसेट विकायची नसते. लोक फोनवर गाणं लावतात, त्याला प्ले म्हणतात, आणि एकेका प्लेमागे चिमूटभर काहीतरी पदरात पडतं. "पण खरा खेळ आकड्याचा आहे ताई. आकडा दिसला तर लोक कार्यक्रमाला बोलावतात. कार्यक्रम मिळाले तर हॉटेल सोडता येईल. आणखी वीस वर्षं गाता आलं पाहिजे मला, माझंच. एका गाण्याने मोठं वगैरे नाही व्हायचंय."

हे मला पटलं. पहिल्या महिन्यात आकडा होता एकशे बारा. त्याचा पडलेला चेहरा मला बघवेना. थेंबे थेंबे तळे साचे, म्हटलं, आपणही चार थेंब टाकू. शेजारच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला पडदे शिवून दिले आणि बदल्यात त्याच्याकडचे नऊ जुने फोन घेतले. काच तडकलेली, पण चालणारे. ते इस्त्रीच्या टेबलावरच्या कपाटात चार्जिंगला लावले, घरचं वायफाय जोडलं आणि भोंग्याची गाणी सुरू करून दिली. एक संपलं की पुढचं, अकरा संपली की पुन्हा पहिलं. आवाज बंद. नऊ भोंगे एकदम ओरडायला लागले तर मी बाही कापायची का कॉलर?

त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाला असता, नको. आणि मला त्यात वावगं काही वाटलंच नव्हतं. घरच्या दुकानात पहिलं गिऱ्हाईक घरचंच असतं, त्यात काय एवढं? मी कपाट बंद केलं आणि कामाला लागले. सकाळी एकदा उघडून बघायचे, एखादा बंद पडला असेल तर पुन्हा सुरू करायचे, बस.

आकडा चढला. असा चढला की भोंगा चहा गार करून फोन बघत बसायचा. एकदा त्याने मला नकाशा दाखवला. कुठल्या गावात किती ऐकतात त्याचे ठिपके होते, आणि सगळ्यात मोठा ठिपका आमच्याच गावावर. "बघ ताई! आपल्याच माणसांना आवडतंय." त्यानंतर तो रस्त्याने ताठ चालायला लागला. बसच्या कंडक्टरने त्याच्याकडे दोनदा बघितलं तर घरी येऊन म्हणतो, "ओळखलं बहुतेक." वाण्याकडे गेला तर उगाच दोन मिनिटं जास्त थांबायचा.

सहा महिने आकडा दर महिन्याला लाखाच्या वर राहिला. मग कार्यक्रम ठरवणाऱ्या एका माणसाचा फोन आला. बारा गावं, बारा कार्यक्रम, भोंग्याची स्वतःची गाणी. भोंग्याने हॉटेल सोडलं, शाळाही सोडली. मला मात्र चैन पडेना. चौदा वर्षं कुत्रं विचारत नव्हतं आणि आता एकदम बारा गावं? "पाणी कुठेतरी मुरतंय," मी त्याला म्हणाले. "त्या टोपीवाल्यावर लक्ष ठेव." असं म्हणत मी इस्त्री तापवत होते, त्या कपाटाच्या बरोबर खाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ना, तशी माझी गत.

दौऱ्याला तीन आठवडे असताना कंपनीचं पत्र आलं. अकराही गाणी काढून टाकली होती. ऐकणारी माणसं खरी नाहीत, आकडे कुणीतरी फुगवलेले आहेत, असा संशय. दहा दिवसांत खुलासा करा, नाहीतर पुन्हा तुमचं एकही गाणं घेणार नाही. दुपारी दौरेवाल्याचाही फोन आला. घोळ मिटला नाही तर बाराही गावं रद्द.

भोंगा माझ्या कापायच्या टेबलापाशी बसला. तोंडचं पाणी पळालं होतं त्याच्या. "ताई, मी हॉटेलही सोडलं गं," एवढंच म्हणाला.

माझं डोकं फिरलं. "मी सांगत नव्हते? अर्ध्या वाट्याचा धनी कोण? आकडा वाढला तर फायदा कुणाचा? त्यानेच कुठून तरी विकत घेतले असणार!"

"तो असं नाही करणार."

"तुझ्या मते कुणीच काही करत नाही. जा, विचार जा त्याला."

गेला. तासाभराने परत आला तो रिकाम्या हाताने. गिटार त्या खोलीतच राहिली होती आणि खोलीची किल्ली हा टोपीवाल्याच्या अंगावर फेकून आला होता. ज्या माणसाने आयुष्यात वाण्याशी हुज्जत घातली नाही, त्याला मी भांडायला पाठवलं. आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला बरं वाटलं. आता कुठे याला जग कळलं, असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भोंगा भाजी आणायला गेला होता आणि दारात टोपीवाला उभा. एका हातात भोंग्याची गिटार, दुसऱ्या हातात कागद.

"ताई, रागावू नका. एकच विचारायला आलोय. हे आकडे त्यानेच वाढवून घेतलेत का?"

"कोणी?" मी कात्री खाली ठेवली. "चोर तो चोर वर शिरजोर!"

"मी नाही केलं. मग राहिला तोच. घाईला आला असेल, मी समजू शकतो. पण खरं कळल्याशिवाय खुलासा काय लिहू?" त्याने कागद टेबलावर पसरला. "हे बघा. पहाटे तीनला जेवढे प्ले, तेवढेच दुपारी तीनला. माणूस झोपतो तरी, जेवतो तरी. हे थांबतच नाहीत. सहा महिन्यांत फक्त एकदा थांबलेत. मागच्या महिन्यात, मंगळवारी, दुपारी दोन ते पाच."

मंगळवार, दोन ते पाच. आमच्या गल्लीची वीज गेली होती. साठ गणवेश इस्त्रीविना अडले होते आणि मी वीजवाल्यांना फोन करकरून शिव्या घालत होते. वीज नाही म्हणजे वायफाय नाही.

"एका फोनवर दिवसभरात किती होतात?" मी विचारलं.

"साडेतीन मिनिटांचं गाणं धरलं तर चारशेच्या आसपास."

मी खडू घेतला आणि टेबलावरच्या कापडावरच गुणाकार मांडला. चारशे गुणिले नऊ. त्याला गुणिले तीस. एक लाख आठ हजार. पाव इंच इकडचं तिकडे होऊ न देणारी मी, हे गणित सहा महिन्यांत एकदाही केलं नव्हतं. मला खरंच वाटत होतं की माझे चार थेंब आहेत आणि तळं लोकांचं आहे.

मी उठून कपाट उघडलं. नऊच्या नऊ फोनांवर हिरवे दिवे लुकलुकत होते. टोपीवाल्याने एकेक फोन बघितला. मग टोपी काढून हातात घेतली आणि स्टुलावर बसला. मला वाटायचं खाली टक्कल असेल. चांगले दाट केस होते.

"मला काय बोलायचं ते बोला," मी म्हणाले.

"मला काही नाही बोलायचं," तो म्हणाला. "त्याला मात्र तुम्हीच सांगा."

पुढचं काय झालं ते आत्ताच सांगून मोकळी होते, कारण लोक तेच विचारतात. खुलासा मीच लिहिला, जे केलं ते सगळं, माझ्या नावाने. कंपनीने चार महिने लावले आणि गाणी पुन्हा चढवली, आकडा शून्यावर आणून. बारा गावं गेली ती गेलीच. हॉटेलवाल्याने तीन ऐवजी दोन संध्याकाळी दिल्या, शाळेने वर्षभर थांबायला सांगितलं. ज्या थोड्या लोकांनी त्याला आपणहून चिठ्ठ्या पाठवल्या होत्या, त्यांना भोंगा एकेक करून उत्तरं लिहू लागला. त्यातल्याच एका बाईंनी त्याला त्यांच्या वाचनालयात गायला बोलावलं. एकतीस माणसं आली होती. मी मोजली, सवयच आहे मला. आणि फोन न बघता गप्प बसून शेवटपर्यंत ऐकत होती, तेही बघून घेतलं.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं. भोंगा भाजी घेऊन आला. टोपीवाला बसलेला, कपाट उघडं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने पिशवी खाली ठेवली आणि टोपीवाल्याला विचारलं, "हे वजा केले तर किती उरतात?"

टोपीवाला खाली बघत म्हणाला, "महिन्याला चारशेच्या आत. पुन्हा पुन्हा येणारे साठ-एक असतील."

"म्हणजे कंडक्टरने मला ओळखलं नव्हतं," भोंगा म्हणाला.

मला रडू फुटलं. बावीस वर्षांत गिऱ्हाइकांसमोर कधी रडले नाही मी. "मी तुझ्यासाठीच केलं रे," मी म्हणाले, आणि म्हणतानाच कळलं की हे वाक्य किती फुकट आहे.

"माहितीये," तो म्हणाला. "ताई, सहा महिने रात्रंदिवस लावलीस माझी गाणी. त्यातलं आवडलं कुठलं तुला?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. आवाज बंद असायचा, हे मी आधीच सांगून बसले होते. त्याचं एकही गाणं मी पुरतं ऐकलेलं नव्हतं. आतल्या खोलीतून यायचं ते मशीनच्या आवाजात, अर्धंमुर्धं. हॉटेलात मी कधी गेले नाही. चौदा वर्षांत एकदाही नाही. ज्याला लोकांनी ऐकावं म्हणून मी नऊ फोन राबवले, त्याला घरात ऐकायला बसावं असं मला सुचलंच नव्हतं. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

"एकही नाही ऐकलं रे," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. टोपीवाल्याने कोपऱ्यात टेकवलेली गिटार उचलून त्याच्यासमोर धरली. भोंग्याने ती घेतली. मी मशीनचं बटण बंद केलं, दुकानाचं दार लोटून घेतलं आणि खुर्ची ओढून बसले. त्याने पहिलं गाणं म्हटलं, पुरं.

संपल्यावर म्हणाला, "बोल."

आता खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती. "सुरुवात चांगली आहे," मी म्हणाले. "मधे अंगावर काटा आला माझ्या. पण शेवटी उगाच लांबवलंयस. तेच तेच तीनदा. गळ्याशी कापड जास्त उरतं तसं वाटतं."

टोपीवाला जागच्या जागी उडाला. "वर्षभर हेच सांगतोय मी याला!"

मला वाटलं, झालं, आज हेही बोलायला नको होतं. पण भोंग्याने खिशातून वही काढली, माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलली आणि म्हणाला, "थांब, पुन्हा म्हणतो. कुठून लांबलं ते नीट ऐकून सांग."